पालखीचं मागचं तोंड

भोरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत आमचं वर्कशॉप आहे. पाटी लावायची ठरली तेव्हा मी हौसेनं रंगवून घेतलं, ‘थ्रीडी स्कॅनिंग आणि प्रिंटिंग’. दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधीच बाहेर माणसं उभी. एकाच्या हातात आधार कार्ड, दुसऱ्याच्या हातात सातबारा, आणि एक आजी पेन्शनचे कागद पिशवीत घालून थेट नसरापूरहून आलेल्या. “दोन्ही बाजूंनी काढ गं,” म्हणाल्या. सगळ्यांना शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडं पाठवता पाठवता दुपार झाली. संध्याकाळी माझी भागीदार सुनंदा हिनं ब्रश घेतला आणि पाटी बदलली, ‘जुनं लाकूडकाम, मूर्ती, मुखवटे दुरुस्त करून मिळतील’. मग लोक मोडक्या खुर्च्या घेऊन यायला लागले.

म्हणून आधी धंदा समजावून सांगते, म्हणजे तुम्ही तरी खुर्ची आणणार नाही.

मी रेश्मा. माझे अब्बा भोरात सुतारकाम करायचे, मोहरमच्या ताबुतांचे सांगाडेही तेच बांधायचे. मी डिप्लोमा करून हायवेवरच्या एका कारखान्यात बरीच वर्षं साचे डिझाईन केले. बादलीचे, मिक्सरच्या झाकणाचे, स्कूटरच्या आरशाचे. आयुष्यभर एकसारख्या वस्तू जन्माला घातल्या आणि एक दिवस त्याचा इतका कंटाळा आला की राजीनामा देऊन घरी आले. सुनंदा माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती पुण्यात एका दुकानासाठी देव्हारे कोरायची आणि रोजच्या प्रवासाला वैतागली होती. तिच्या कामाच्या बाकावर तिनं स्वतः कोरलेली बुद्धाची टीचभर मूर्ती असते. कुणी गिऱ्हाईक फार बडबड करायला लागलं की ती त्या मूर्तीकडं बघते, मग गिऱ्हाइकाकडं बघते, आणि माणूस आपोआप मुद्द्यावर येतो.

आमचं काम असं. स्कॅनर म्हणजे हातात धरायचा एक दिवा समजा. वस्तूभोवती तो फिरवला की उजेडाच्या रेघा पडतात आणि कुठं उंचवटा, कुठं खड्डा हे संगणकाला कळतं. तीच वस्तू पडद्यावर उभी राहते. तिथं तिला फिरवता येतं, तुटलेला भाग भरून बघता येतो. मग थ्रीडी प्रिंटर प्लॅस्टिकच्या बारीक तारेचे थरावर थर घालत तिचा नमुना बनवतो, अगदी कुरडई घालतात तसा. नमुना पसंत पडला की सीएनसी मशीन खऱ्या लाकडाच्या ठोकळ्यातून नको ते कोरून काढतं. तिथं माझं काम संपतं आणि सुनंदाच्या पटाशीचं सुरू होतं. नवीन बसवलेल्या तुकड्याच्या आतल्या बाजूला आम्ही एक छोटी खूण करतो, म्हणजे पुढं कुणी उघडून पाहिलं तर जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे त्याला कळावं.

मशीन हुशार आहे, पण त्याला एक मोठी खोड आहे. नक्षी कुठली आणि जखम कुठली हे त्याला कळत नाही. देवाच्या गालावर पोचा असेल तर तो पोचाही ते इमानेइतबारे कोरतं. काय ठेवायचं आणि काय भरायचं हे माणसानंच ठरवायचं असतं, आणि खरी भांडणं तिथंच होतात.

गिऱ्हाईकंही एकेक नमुना. एका मंदिराच्या कमिटीनं मूर्ती दाखवून विचारलं, “सगळं करताच आहात तर देव जरा हसरा नाही का करता येणार?” राजगड उतरून पालीच्या बाजूनं आलेल्या एका तरुणानं सॅकमधून नक्षीचा दगड काढला. त्याला शोकेससाठी त्याची कॉपी हवी होती. मी म्हटलं, आधी दगड जिथं होता तिथं जाईल, मग बोलू. पुन्हा चढायचं म्हटल्यावर त्याचे गुडघे तिथंच दुखायला लागले. सुनंदानं त्याची पाण्याची बाटली भरून त्याच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी त्यानं दगड जागेवर ठेवल्याचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, ‘सॉरी मॅडम’. कॉपी मागायला तो परत आला नाही.

वेल्ह्याकडच्या एका गावात देवीचा पितळी मुखवटा स्कॅन करायचा होता. मूळ मुखवटा घासून घासून झिजला होता, म्हणून मिरवणुकीसाठी दुसरा बनवायचा होता. आता चकाकती वस्तू समोर आली की स्कॅनर भांबावतो, त्याला काही दिसत नाही. आमच्या धंद्यात त्यासाठी एक पांढरा फवारा मिळतो. मी डबा बाहेर काढला तसे म्हातारे गुरव आडवे आले. “देवीच्या तोंडावर फवारा? डास मारताय व्हय?” शेवटी कौल लावायचा ठरला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं चिकटवली. उजवं पडलं तर परवानगी, डावं पडलं तर नाही. सगळे श्वास रोखून बसले आणि डावं पडलं. मी डबा पिशवीत घातला. मग मला सुचलं, म्हटलं, “हळद लावली तर?” गुरव म्हणाले, “हळदीला कसला कौल? ती तर रोजच लावतो.” कोरडी हळद चोळली, चकाकी गेली, आणि स्कॅनरला देवी लख्ख दिसली. तेव्हापासून आमच्या स्कॅनरच्या पेटीत हळदीचा डबा कायमचा मुक्कामाला आहे.

सगळंच असं गोड होत नाही. कितीतरी गावं आमच्याकडं यायच्या आधी ऑईलपेंटवाल्याकडं जातात. जुन्या सागवानी खांबांवर पोपटी रंगाचे तीन हात चढलेले असतात आणि नक्षीच्या वेलीत रंग भरून तिची पार भाकरी झालेली असते. “छान दिसतंय ना मॅडम?” असं ते कौतुकानं विचारतात. मी आपली चहा पिते.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ती पालखीची गोष्ट. गाव पासलीच्याही पुढं, डोंगराच्या पोटाशी. नाव सांगत नाही, कारण तिथल्या दोन्ही आळ्यांची माणसं भोरला आली की अजून आमच्याकडं चहाला येतात.

एका सकाळी त्या गावच्या मंदिर कमिटीचे अध्यक्ष सदूभाऊ आले. बरोबर एक पोतं आणि एक प्लॅस्टिकची पिशवी. भैरवनाथाच्या पालखीच्या दांडीला पुढं आणि मागं लाकडात कोरलेलं वाघाचं एकेक तोंड होतं, असोल्या नारळाएवढं, खाच पाडून लाकडी खुंटीनं बसवलेलं. पोत्यातून पुढचा वाघ निघाला. काय काम होतं! दात विचकलेले, भुवया चढलेल्या, मान किंचित उजवीकडं वळलेली. मग सदूभाऊंनी पिशवीची गाठ सोडली.

“ह्यो मागचा.”

पिशवीत भुगा होता. वर्षभर पालखी कापडात गुंडाळून आढ्याला टांगलेली असते, त्यात मागच्या तोंडाला वाळवी लागली आणि कुणाला पत्ता नाही.

सुनंदा पिशवीत डोकावली. “चाळणी आणू का?”

“मागचा वाघ कसा होता?” मी विचारलं.

“सेम टू सेम,” सदूभाऊ छातीवर हात ठेवून म्हणाले. “जोडीच हाय ती.”

अध्यक्षच सांगतायत म्हटल्यावर प्रश्न मिटला. जोडीतला एक उजवीकडं बघतो म्हणजे दुसरा डावीकडं बघणार, हे तर ओघानंच आलं. आणि संगणकात आरशाची एक फार सोयीची कळ असते. ती दाबली की उजव्याचं डावं होतं. मी दाबली. मशीननं जुन्या सागातून वाघ कोरला, सुनंदानं त्याच्या मिशांवर जीव ओतला, आणि आम्ही दोघी दर्शनाला जावं तशा नटूनथटून तो बसवायला गेलो. चैत्रातली जत्रा तोंडावर आली होती.

तोंड बसवलं, पालखी खाली उतरवली आणि उचलून बघायचं ठरलं. त्या गावात मान वाटलेले आहेत. पुढचा खांदा वरच्या आळीचा, मागचा खालच्या आळीचा. सगळ्यात मागं, दांडीच्या टोकाला, ज्ञानूआबा उभे राहिले. खालच्या आळीतले सडसडीत म्हातारे, खांद्यावर पालखीचा घट्टा पडलेला. उभं आयुष्य त्यांनी तो खांदा दिला होता आणि या जत्रेत तो मुलाला, बाळूला, द्यायचा होता. गेल्या साली चढावर त्यांचा तोल गेला होता, तेव्हाच त्यांनी हे जाहीर केलं होतं. बाळू नसरापूरला टेम्पो चालवतो. खांदा देण्याची रीत अशी की पालखी चालत असतानाच, वेशीपाशी, बाप दांडीखालून बाजूला सरकतो आणि मुलगा आत शिरतो. पालखी थांबता कामा नये.

आबांनी दांडी खांद्यावर घेतली आणि सवयीनं उजवा हात मानेमागं नेला. दांडीचं टोक त्यांच्या पाठीमागं येतं, त्यामुळं वाघाचा जबडा हातानं धरूनच चालायचं असतं. हात जबड्याखाली गेला, तिथंच घोटाळला, वर कानापर्यंत गेला, परत खाली आला.

“ह्यो आमचा न्हाई,” आबा म्हणाले.

“आबा, नीट बघा तरी,” मी म्हटलं. “वळून बघा.”

आबांनी मान हलवली नाही. समोर बघतच ते म्हणाले, “खांदेकऱ्यानं मागं बघायचं नसतंय, पोरी. बगितलं की पालखी जड व्हती.”

तो तिथला नेमच होता. ज्याच्या खांद्याला मागचा मान, त्यानं मागच्या तोंडाकडं बघायचं नाही, मिरवणुकीत नाही आणि एरवीही नाही. मागं राहिलेल्यांची काळजी देव घेतो, खांदेकऱ्यानं पुढची वाट बघावी, असा त्याचा अर्थ सांगतात. आबांनी तो अगदी लहानपणापासून, म्हणजे बापाच्या हातावर हात ठेवून चालायचे तेव्हापासून, पाळला होता. आपल्या वाघाचा चेहरा त्यांना ठाऊक नव्हता, पण त्यांचा हात त्याला ओळखत होता.

“ह्यो वरच्या आळीचाच वाघ हाय,” आबा म्हणाले. “निस्ता उलटा करून लावलाय.”

आता यापुढं लपवण्यासारखं काय राहिलं? मी खाली बघायला लागले. खालच्या आळीनं पालखी अलगद खाली ठेवली. एक जण म्हणाला, “आमच्या खांद्याव त्यांचा वाघ? मग खांदा बी त्येंनीच द्यावा.” सदूभाऊ म्हणाले, “आरं, लाकूडच हाय की शेवटी!” हे बोलायची ती वेळ नव्हती. मग जो गलका झाला त्यात दोन्ही आळ्यांच्या आजोबा-पणजोबांचा उद्धार झाला, आणि निष्कर्ष एवढाच निघाला की मागचा खांदा नसेल तर यंदा पालखी निघणार नाही.

आबा भांडणात नव्हतेच. ते बाहेर पारावर जाऊन बसले होते. मी जवळ जाऊन बसले तर माझ्यावर रागावलेले दिसेनात, तेच मला जास्त लागलं.

“मला भांडायचं न्हाई,” ते म्हणाले. “पर म्या बाळूला काय देनार, सांग. जे माज्या हातात व्हतं त्येच देनार न्हवं? दुसऱ्याचं कसं दिऊ? आन फुडल्या सालापातूर ह्यो खांदा टिकंल का न्हाई, देवाला म्हाईत.”

कारखान्यात बादलीचा साचा चुकला तर बादली वितळवून टाकायची आणि जेवायला जायचं. इथं माझ्या एका कळीनं एका म्हाताऱ्याचा उभ्या आयुष्याचा निरोप अडवून धरला होता. मी म्हटलं, “आबा, जत्रेच्या आधी तुमचा वाघ देते.” कुठून देणार ते मला अजिबात माहीत नव्हतं.

आम्ही चौकशी सुरू केली. वरच्या आळीतले म्हणाले, चेहरा रागीट. खालच्या आळीतले म्हणाले, आम्ही मागं बघत नाही. ढोलवाले म्हणाले, आम्ही पार पुढं. एक जण शपथेवर म्हणाला, तो वाघ नव्हताच, घोडा होता. गुरव नवा, त्यानं एकच जत्रा केलेली आणि तीही झेंडूच्या माळा बांधायच्या घाईत. तो म्हणाला, “तोंड होतं, एवढं मात्र नक्की.” फोटोंत बघावं तर पुढच्या वाघाचे ढीगभर, ढोलाचे त्याहून जास्त.

असे दमून आम्ही सदूभाऊंच्या ओसरीवर बसलो होतो. भोवती पाच-सहा बाप्ये, प्रत्येकाचा वाघ वेगळा. सदूभाऊंच्या बायको हौसाकाकी चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता त्या मला म्हणाल्या, “ह्यास्नी काय इचारतीयास? ह्ये समदे म्होरं नाचत्यात. पालकीच्या मागं कोण आसतंय?”

“कोण असतं?”

“आमी आसतो की! आरतीची ताटं घिऊन दोनी आळीच्या बायका मागनंच चालत्यात. जलमभर त्येचंच त्वांड बगत आलोय. वाघ कसला, हसरा हाय त्यो. आमी त्येला हसराच म्हन्तो.”

ओसरीवरचे बाप्ये चहात बघायला लागले. सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. “रेश्मे,” ती हळूच म्हणाली, “आपण दोघी बायका असून बाप्यांनाच विचारत बसलो की गं.” खरं होतं. गावात काम म्हटलं की कमिटी, आणि कमिटी म्हटली की टोप्या, हे माझ्याही डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की स्वयंपाकघराच्या दारातून आत बघायचं मला सुचलं नाही.

मग त्याच ओसरीवर दोन्ही आळ्यांतल्या बायका जमल्या आणि बाप्यांना अंगणात जावं लागलं. हसऱ्याची जीभ बाहेर होती. गाल फुगीर, कान वाटोळे. पुढचा वाघ वाट मोकळी करतो म्हणून तो चिडका, आणि मागचा मागं राहिलेल्यांना हाका मारतो म्हणून तो हसरा. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत नव्या नवरीनं त्याच्या जिभेवर खोबऱ्याचा तुकडा ठेवायचा असतो. एका जत्रेत वेशीच्या आंब्याची फांदी लागून त्याच्या डाव्या कानाचा टवका उडाला होता, त्यावर तर चार जणींचं एकमत झालं.

“फोटो आहेत का?” मी विचारलं.

एकदम सगळ्यांचे मोबाईल बाहेर आले. सेल्फी! दर जत्रेतल्या, दर सुनेच्या, दर लेकीच्या. पुढं चार हसऱ्या बायका आणि मागं पाचवा तो. लग्नाच्या अल्बमांतून खोबरं भरवणाऱ्या नवऱ्या निघाल्या, त्यात हौसाकाकींचाही एक फोटो निघाला. सदूभाऊंनी तो अंगणातून मान उंचावून बघितला आणि लाजून ते विडी शोधायला लागले.

वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले फोटो असले की संगणक त्यांची सांगड घालून आकार उभा करू शकतो. मी सगळे फोटो घातले. संगणकानं बराच विचार करून एक बटाटा काढून दिला. त्याची तरी काय चूक? फोटोत वाघ कमी, झेंडू आणि बायकांचे चेहरेच जास्त. मग मी त्या बटाट्यालाच पडद्यावर हातानं घडवायला घेतलं. हौसाकाकी व्हिडिओ कॉलवर, त्यांच्या मागून दहा डोकी. “जीब आजून भाईर!” “गाल भर गं, उपाशी दिसतोय.” “नाक माज्या सासूवानी झालंय, बारीक कर.” हे सांगणारीची सासू तिच्या शेजारीच बसली होती.

पण नुसत्या डोळ्यांच्या साक्षीवर भागणार नव्हतं, खरी परीक्षा आबांच्या हाताची होती. प्लॅस्टिकचा पांढरा नमुना तयार झाला तसे आबा पासलीहून एसटीनं आमच्याकडं आले. दारात स्टूल ठेवलं. ते गल्लीकडं तोंड करून बसले आणि मी त्यांच्या खांद्यामागं नमुना धरला. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. झेरॉक्सवाला तर दुकान सोडून आला.

“कान लई वर.” मी नमुना परत नेला, दुसरा काढला. “जबडा रुंद झाला.” आणखी एक. “हां, आता मान जरा बारीक.” प्रत्येक खेपेला एक वाघ नापास व्हायचा. त्यातला एक बाळूनं टेम्पोच्या काचेपाशी बसवला. एक झेरॉक्सवाल्यानं कागदांवर वजन म्हणून नेला. एक हौसाकाकींनी भाताच्या खाचरात बुजगावण्याला लावला, त्याला पाखरं भीत नाहीत अशी त्यांची अजून तक्रार आहे.

“एकदा बघून तर घ्या आबा,” सुनंदा म्हणायची. “इथं कुठं पालखी आहे?”

“आजून खांदा सोडला न्हाई म्या,” आबा म्हणायचे, आणि समोरच्या भिंतीकडं बघत बसायचे.

मग एका नमुन्यावर त्यांचा हात जबड्याखाली गेला आणि थांबला. बोटं गालावरून फिरली, वाटोळ्या कानाशी जाऊन परत आली. मी वाकून पाहिलं तर म्हाताऱ्याचे डोळे भरलेले.

“आला,” एवढंच म्हणाले.

मग त्यांचा अंगठा मानेशी काहीतरी शोधायला लागला. “हितं एक खळगा व्हता. अंगठा बसायचा.”

“करून देते की,” मी उत्साहानं म्हटलं. “मशीनला काय, लगेच होईल.”

आबांनी जरा विचार केला. “नगो. त्यो माज्या बाच्या अंगठ्यानं पडल्याला, मंग माज्या. बाळूचा अंगठा येगळा. त्येचा त्येनं पाडावा.”

आम्ही मान गुळगुळीत ठेवली. कानाचा टवका ठेवायचा की नाही यावर माझं आणि सुनंदाचं भांडण झालं. ती म्हणाली, फांदी अजून तिथंच आहे, तिचं काम ती करेल. कान अख्खा ठेवला. खरा वाघ सागात उतरला, सुनंदानं त्याला पटाशीनं आणि पॉलिश पेपरनं माणसात आणलं, आतल्या बाजूला आमची खूण केली. बसवताना आबा हजर होते, पाठ करून.

जत्रेला आम्ही दोघी गेलो. हौसाकाकींनी हाताला धरून आम्हाला पालखीमागं, बायकांच्या घोळक्यात नेलं. पुढं ढोल, गुलाल, पोरं नाचतायत. इकडं आमच्या समोर झेंडूच्या माळेतून जीभ काढून हसणारा तो. एका नव्या सुनेनं त्याला खोबरं भरवलं आणि मोबाईल वर झाले. सुनंदाचाही झाला. मला काय वाटत होतं ते सरळच सांगते, इतका आनंद मला माझ्या कुठल्याही कामाचा झालेला नाही.

वेस आली. आबांनी चालता चालता बाळूचा हात धरून जबड्याखाली नेला आणि तिथं दाबून ठेवला. मग ते बाजूला सरकले, बाळू दांडीखाली शिरला. पालखी थांबली नाही. ती पुढं गेली आणि आबा रस्त्याच्या कडेला तसेच उभे राहिले, रिकामे खांदे घेऊन, समोर बघत. सवयच ती.

“आबा,” हौसाकाकी म्हणाल्या, “आता बगा की. आता चालतंय.”

आबांनी मान वर केली. पालखी त्यांच्या पुढं चालली होती आणि तो त्यांच्याकडं बघून हसत होता. आबा बघतच राहिले. मग झपझप चालत त्यांनी पालखी गाठली, कुणाच्या तरी ताटातला खोबऱ्याचा तुकडा उचलला आणि नव्या नवरीसारखा त्याच्या जिभेवर ठेवला. बायका हसायला लागल्या. आबाही हसायला लागले, डोळे पुसत.

“आगं, जलमभर ह्यो माज्या पाठीमागं हासत व्हता,” ते म्हणाले, “आन मला कुनी सांगितलं न्हाई!”

हौसाकाकी आरतीचं ताट सावरत म्हणाल्या, “तुमी कवा इचारलंसा?”